बोयांवातले तीन मासे

सर्व लहानथोर मंडळींस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कारापूर गावचा चौकटवाला वासू, वय वर्षे सत्तावन्न, जत्रेच्या नाटकांत सतरा वेळा राजा आणि दोनदा राणी झालेला, आज एक निवेदन करणार आहे. ते त्याने आजवर कुणाजवळही केलेले नाही. बायकोजवळ नाही. देवाजवळही नाही. देवाजवळ मी दरवर्षी दुसऱ्याच लहानसहान चुका कबूल करून वेळ मारून नेली. तरी मंडळींनी पान-सुपारी आवरून, मुलांना मांडीवर घेऊन, शांतपणे ऐकावे.

विषय आहे — मासे पाळण्यासाठी टाकी केवढी असावी.

हसलात ना? हसा. मी तेवढ्यासाठीच अशी सुरुवात केली. मला हसवता येतं, आणि कुणी हसलं की मला पुढचं बोलायला धीर येतो. आयुष्यभर असंच चाललंय. पण आज तुम्हाला एक विनंती — नाही, विनंतीही नको. ऐका, एवढंच.

भाषेच्या वादाचं वर्ष होतं ते. ज्यांनी ते दिवस गोव्यात काढलेत त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांनी नाही काढले, त्यांच्यासाठी एवढंच — घराघरांत दोन पक्ष पडले होते. एक कोकणीचा, एक मराठीचा. सख्खे भाऊ एका पाटावर जेवत नव्हते. आणि गंमत अशी की दोन्ही पक्ष भांडायचे एकाच भाषेत, अर्धी मराठी नि अर्धी कोकणी, जी आम्ही घरी बोलतो ती.

मी मराठीच्या बाजूचा. पंचविशीतला पोरगा, सांखळीच्या बाजारात बापाचं काचेचं नि तसबिरींचं दुकान, अंगात नाटक. भाषण म्हणजे माझ्यासाठी फुकटचा रंगमंच! देवळासमोर उभा राहून मी सांगायचो, कोकणी ही गोड बोली आहे हो, आईच्या कुशीतली, पण लिहायची म्हटली की तिच्या अंगावर कपडाच नाही. कुणी नागरीत लिहितो, कुणी रोमी लिपीत. आणि इथे मी थोडा थांबायचो. मग हात वर करून — "आणि ती रोमी कोकणी! मला विचारा! मी उलटी धरून वाचून दाखवतो!"

टाळ्या पडायच्या. आता मी तुम्हाला सांगतो, मला रोमी कोकणी सुलटी धरूनही वाचता येत नव्हती. अक्षरं येत होती, इंग्रजी शाळेतली. ती एकापुढे एक लावून अंदाज करायचो. पण हे कुणाला ठाऊक? आमच्या वाड्यावर रोमी वाचणारं कुणीच नव्हतं.

आमच्या शेजारी गुणाजीबाब राहायचे. खाणीवर वजनकाट्यावर जन्म काढलेले, आता घरी बसलेले. ते कोकणीच्या पक्षातले. माझी भाषणं ते ओसरीवर बसून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी मला चहाला बोलावून शिव्या द्यायचे. इतक्या प्रेमाने शिव्या देणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यांची बायको शेवंतीमावशी. मुलगा प्रकाश, खनिजाचा ट्रक चालवायचा. आणि त्या फाल्गुनात प्रकाशचं लग्न झालं — हौसाशी.

हौसा चंदगडकडची. तिचा भाऊ सांखळीला बांधकामावर होता, तिथून जुळलं. शेवंतीमावशीला ते फारसं रुचलं नव्हतं. घाटावरची सून, बोलणं वेगळं, नेसणं वेगळं, मासे साफ करताना नाक दाबणारी. पण प्रकाश हटून बसला, आणि सून आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. मोठ्या मोठ्या डोळ्यांनी सगळं बघायची आणि मनात येईल ते पटकन बोलून टाकायची. हे दुसरं तिला भोवणार होतं. पण थांबा, मी पुढे पळतोय.

लग्न होऊन आठवडा झाला नसेल, तेवढ्यात मासे आले.

मांद्र्याचा आग्नेल हा गुणाजीबाबचा खाणीवरचा जुना दोस्त. आता तारवटी झालेला, म्हणजे बोटीवर नोकरीला. मुंबईला बोट लागली, तिथून तो चार दिवस घरी आला, आणि येताना दोस्ताच्या मुलाच्या लग्नाची भेट म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतून तीन सोनेरी मासे घेऊन आला. त्याला स्वतः कारापूरला यायला सवड नव्हती, परत बोट गाठायची होती. म्हणून पिशवी बसच्या ड्रायव्हरच्या ताब्यात दिली, वर चिठ्ठी बांधली आणि गेला. पेडण्याहून डिचोली, डिचोलीहून कारापूर, अशी त्या तीन माशांची वरात आली.

अहो, काय दृश्य होतं ते! आमच्याकडे मासा म्हणजे नुस्तें. तो टोपलीतून येतो, विळीवर जातो आणि हुमणात, म्हणजे कालवणात, संपतो. दाराशी बसलेल्या मांजरालाही हा क्रम पाठ. आणि इथे तीन जिवंत मासे, सोन्याच्या रंगाचे, झुळझुळीत शेपट्यांचे, आणि हे म्हणे खायचे नाहीत! अख्खा वाडा बघायला लोटला. एक म्हातारी फार वेळ निरखून म्हणाली, "कांटे जायते आसतले गो ह्यांका!" बरेच काटे असणार म्हणे ह्यांना.

पिशवी घेऊन गुणाजीबाब तडक माझ्या दुकानात आले. का? कारण काच माझ्याकडे. त्यांच्या मनात टाकी करून घ्यायची होती. काचा कापायला हिरा माझ्याकडे, लांबी मला कापायची. प्रश्न साधा होता — केवढी?

"आग्नेलान चिठयेंत बरयलां," ते म्हणाले. चिठ्ठीत लिहिलंय म्हणे. "रोमीत आसा. तूं उलटी धरून वाचतां मरे? आतां सुलटी धरून वाच पळोवया!"

दुकानात चारपाच जण होते. दोघे त्यांच्या पक्षाचे, बाकी माझ्या. सगळे थांबले. तुम्हाला कळतंय ना ती जागा? मी तेव्हा म्हणू शकलो असतो — बाबा, येत नाही मला. पाववाल्या पोदेराकडून वाचून घ्या. पाच सेकंदांचं काम. लोक हसले असते, संध्याकाळी विसरले असते.

मी चिठ्ठी घेतली. पिशवी गळत होती, त्यामुळे शाई फुटून खालच्या ओळी पसरल्या होत्या. वरची एक ओळ धड होती. मी घसा साफ केला. अक्षरं जुळवली. ल्हान — कळलं, लहान. बोयांवांत — कळलं, बोयांवात. आमच्याकडे लोणच्याच्या काचेच्या बरणीला बोयांव म्हणतात, पोर्तुगीज सोडून गेले, बोयांव राहिलं. आणि तिसरा शब्द. एन, एच, ओ, आय.

न्होय? न्हंय! आमच्या बोलीत न्हंय म्हणजे नदी. झालं, लागला अर्थ. लहान बोयांवात, नदी. म्हणजे लहान बरणीत, नदीचं पाणी. त्याखाली शाईच्या डागातून 'उदक बदल' एवढं दिसत होतं. मी राजाच्या भूमिकेत फर्मान वाचावं तसं वाचून दाखवलं — "लहान बोयांवात ठेवा, नदीचं पाणी घाला, आणि पाणी दररोज बदला!"

तुम्हाला एक सांगू? ते 'दररोज' चिठ्ठीत नव्हतंच. ते माझं. वाक्य नुसतं 'पाणी बदला' असं संपलं की पडतं. म्हणून घातलं.

गुणाजीबाब जरा खट्टू झाले. त्यांना मोठी टाकी ओसरीवर ठेवून मिरवायची होती. "ल्हान बोयांवांत?" त्यांनी पुन्हा विचारलं. आणि माझ्यातला शहाणा अजून गप्प बसेना. मी म्हटलं, हे मासे घराप्रमाणे वाढतात. लहान घर, लहान मासा. मोठ्या टाकीत ठेवाल तर उद्या बांगड्याएवढे होतील, मग मावशी एखाद्या दिवशी विसरून हुमण करील. सगळे हसले. गुणाजीबाबही. एवढं बोलून मी काच कापायचा हिरा परत खणात ठेवला. हातभर काचही न कापता मी त्या दिवशीचा सगळ्यात मोठा पंडित ठरलो.

मग सुरू झालं नदीचं पाणी. वाळवंटी नदी घरापासून दहा-बारा मिनिटांवर. रोज सकाळी कळशी घेऊन जायची कुणी? घरात नवीन सून आलेली, दुसरं कोण जाणार? दारात भरलेली विहीर सोडून हौसा रोज नदीवर जायची. आणि चैत्रातली नदी — तेव्हा वरच्या खाणींतून उपसलेलं पाणी खाली यायचं. तांबूस, गढूळ. ती ते फडक्याने गाळायची. मग बरणीतलं सगळं पाणी फेकायचं, मासे वाटीत, नवं पाणी बरणीत, मासे परत आत. दररोज. एका बरणीत, ज्यात आदल्या वर्षी आंब्याचं लोणचं होतं, तीन मासे.

हौसानं तिसऱ्याच दिवशी बोलून दाखवलं. मी तिथेच ओसरीवर चहा पीत होतो. ती बरणीसमोर उकिडवी बसली होती. म्हणाली, "आत्या, ह्यास्नी वळायला बी जागा न्हाई. शेपटी काचंला घासतीया बगा. हे जगायचे न्हाईत असे." आणि मग पुढे, "आन हिरीचं पानी का नको? नदीचं लाल हाय."

किती सरळ होतं ते! तिनं म्हशी राखल्या होत्या, कोंबड्या राखल्या होत्या. ती जीव बघत होती, मी अक्षरं बघितली होती. आणि तेही चुकीची. पण तिचं ऐकून शेवंतीमावशीने माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठी वाचणाऱ्या पंडिताकडे. आता मी काही बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा. आणि मी बोललो. काय बोललो?

मी म्हटलं, "वहिनी, घाटावर नुस्तीं झाडाला लागतात ना?"

ओसरी खदखदून हसली. शेवंतीमावशीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. आणि नंतर कित्येक दिवस हौसा काही बोलली की कुणीतरी म्हणायचं — घाटावर नुस्तीं झाडाला लागतात. तो विनोद माझा. वाड्यावर अजूनही कुणाकुणाला आठवतो. तेव्हा हौसा कसनुशी हसली आणि कळशी घेऊन उठली. तिचे कान लाल झाले होते. मला ते दिसलं होतं. मग मी काय केलं? चहाचा दुसरा कप मागितला.

पहिला मासा दहाव्या दिवशी गेला. सकाळी पोट वर करून तरंगत होता. गुणाजीबाब तिकडे बघत उभे होते, त्यांचा चेहरा मला सहन झाला नाही. भेट होती ती. दोस्ताची. मी ती चिठ्ठी त्यांच्याकडून मागून घेतली — "पुन्हा नीट बघतो" असं म्हणून — आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कोपऱ्यावर, सायकलवर पांव घेऊन येणाऱ्या पोदेराला थांबवलं. पोदेर ख्रिश्चन, घरी प्रार्थनेची पुस्तकं रोमीतलीच. मी त्याला म्हटलं, माझा एक मित्र अशी चिठ्ठी लिहितो, काही कळत नाही, तू बघ.

त्याने टोपलीवरचा कपडा सारखा केला, चिठ्ठी हातात घेतली, आणि एका दमात वाचली. मी म्हटलं, इथे न्हंय म्हणजे नदी ना? तो असा हसला की सायकल कलंडली. "आरे बाबा, हें 'न्हंय' न्हय! हें 'न्हय'!"

ज्यांना आमची बोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. न्हंय म्हणजे नदी. न्हय म्हणजे नव्हे, नको. बोलताना एक नाकातून, एक तोंडातून. आग्नेलच्या अक्षरात दोन्ही सारखेच. चिठ्ठीत लिहिलं होतं — लहान बोयांवात नव्हे. नको. बरणीत ठेवू नको! पोदेराने चिठ्ठी उन्हात आडवी धरली आणि डागाखालची ओळही वाचली. तीन हात लांब टाकी हवी, हे मासे हातभर वाढतात, आठवड्याने थोडंसं पाणी बदल, सगळं नको.

तीन हात लांब. माझ्या दुकानात त्या क्षणी चार हातांच्या काचा भिंतीला टेकवून उभ्या होत्या.

आणि आता ऐका, कारण इथून पुढे मला 'कळलं नव्हतं' म्हणायची सोय नाही. दोन मासे जिवंत होते. सकाळचे सात वाजले होते. गुणाजीबाबचं घर माझ्यापासून पन्नास पावलांवर. मी पन्नास पावलं चाललो असतो, तर?

नाही चाललो. का? भीती वाटली. पण कशाची? मार पडण्याची नाही, भांडणाचीही नाही. हसण्याची. मला माहीत होतं काय होईल. आंदोलनाच्या मधोमध, देवळासमोर उलटी कोकणी वाचणारा वासू 'नको'ला 'नदी' म्हणाला! ही गोष्ट सांखळीत गेली असती, डिचोलीत गेली असती, पेडण्यापर्यंत गेली असती. भाषणाला उभा राहिलो की मागून कुणीतरी ओरडलं असतं — न्हंय! जन्मभराचं टोपणनाव. मी लोकांना हसवणारा, माझ्यावर लोक हसले तर मी उरलो काय? असं मला खरंच वाटलं. तुम्हाला क्षुल्लक वाटेल. तेव्हा ते मला जिवापेक्षा मोठं वाटलं — आणि जीव तरी कुणाचा, माझा नव्हेच.

मी एक चोरटा उपाय केला. त्याच दिवशी दुकानात तीन हातांची टाकी जोडली. कडा घासल्या, लुकण भरलं, पाणी भरून तपासलं. आयुष्यात इतकी सुबक टाकी मी पुन्हा केली नाही. ती घेऊन गेलो आणि म्हटलं, बाबा, नुसती शोभेला, माझ्याकडून भेट, मासे हिच्यात सोडा. गुणाजीबाबनी डोकं हलवलं. "आग्नेलान बरयलां ल्हान बोयांवांत. तुवेंच वाचलें. आतां मोडूं?" दोस्ताने लिहिलेलं मोडणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांना मोडण्यासाठी फक्त एक वाक्य हवं होतं, आणि ते माझ्याकडे होतं. मी टाकी उचलून परत आलो. येताना वाटेत हौसा भेटली, डोक्यावर नदीची कळशी. टाकीकडे बघून तिचा चेहरा इतका खुलला! "हिच्यात जगतील," ती म्हणाली. मी म्हटलं, बाबा नको म्हणतायत. आणि पुढे झालो.

दुसरा मासा त्याच आठवड्यात गेला. आणि मग शेवंतीमावशीला आठवलं — हिनंच म्हटलं होतं ना, हे जगायचे नाहीत?

बघा कसं फिरतं. तिनं जे पाहिलं ते सांगितलं होतं. आता ते सांगणं म्हणजेच तिने केलेलं काम झालं. वाईट तोंडाची. काळ्या जिभेची. मासे आले त्याच आठवड्यात ती घरात आली, म्हणजे पायगुण. पाणी रोज तिच्याच हातचं, म्हणजे हातही तसाच. मावशीने मिरच्या-मीठ ओवाळून दिष्ट काढली. बरणीची! आणि हौसाला सांगितलं की उद्यापासून पाण्याला हात लावू नकोस. तोवर गावात दुसरंही काहीबाही झालं होतं, प्रकाशचा ट्रक घाटीत बंद पडला, गाय आटली. सगळं तिच्या नावावर जमा. तिसरा मासा एकटा त्या बरणीत चार दिवस तोंड वर करून हवा खात राहिला आणि गेला.

त्या दिवशी ओसरीवर बायका जमल्या होत्या. हौसा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चौकटीला धरून. शेवंतीमावशी म्हणत होती, चार दिवस माहेरी जाऊ दे हिला. 'चार दिवस' कसे असतात ते सगळ्यांना कळत होतं. चिठ्ठी माझ्या खिशात होती. खरोखर खिशात, सदऱ्याच्या, बोटांना लागत होती.

आणि मी उठून उभा राहिलो. होय, उभा राहिलो! नाटकातला माझा आवाज लावला. म्हटलं, "मावशी, मुके जीव ते, आज आहेत उद्या नाहीत. त्यात ह्या पोरीचा काय दोष? तिला बोल लावू नका." सुंदर बोललो. एक बाई डोळे पुसत होती. मावशी म्हणाली, "तूं गोड उलयतां रे वासू," आणि आत जाऊन हौसाची पेटी बाहेर आणून ठेवली. मी खाली बसलो. चिठ्ठी खिशातच.

गोड बोलणं हे खोटं बोलण्यापेक्षा वाईट असतं का हो? मी अनेक वर्षं ह्याचा विचार करतोय. मला वाटतं, त्या दिवशी मी गप्प बसलो असतो, तर माझा गुन्हा थोडा कमी झाला असता.

पुढचं सांगून टाकतो. हौसा गेली ती वर्ष उलटलं तरी आली नाही. त्यात भाषेचा कायदा झाला, दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने जिंकल्याचे नि हरल्याचे पेढे वाटले. मग गोवा राज्य झालं. देवळासमोर फटाके फुटले, मी भाषण केलं. प्रकाश एकटाच ट्रकच्या टपावर बसून बघत होता. शेवटी त्यानेच धीर केला, आईशी महिनाभर अबोला धरला, चंदगडला गेला आणि तिला घेऊन आला. ती आली. पण मनात येईल ते पटकन बोलून टाकणारी हौसा काही आली नाही. घरात कुणी काही विचारलं, तर ती आधी सासूच्या तोंडाकडे बघायची. नवं बी पेरायचं असलं, वासरू आणलं, की तिला कुणी न सांगताच ती बाजूला जाऊन उभी राहायची. मुलगा झाला तेव्हाही बारशाला पाळण्याची दोरी दुसऱ्या बाईच्या हातात दिली. तीस वर्षं मी हे शेजारून बघत आलोय. शेवंतीमावशी गेली, गुणाजीबाब गेले, आणि अजून गेल्या वर्षी काजूची कलमं लावताना मी पाहिलं, हौसा खड्ड्यापासून चार पावलं लांब उभी होती. स्वतःच्या बागेत.

आग्नेलचं काय? तो पुढे बहारीनला गेला, तिथंच राहिला. एका नाताळात त्याचं कार्ड आलं, माशांची चौकशी केलेली. गुणाजीबाबनी लाजेकाजेस्तव उत्तर धाडायला लावलं — नुस्तीं बरीं आसात, मासे छान आहेत. ते उत्तर रोमीत कुणी लिहिलं? वाड्यावर रोमी येणारा एकच पंडित होता.

चिठ्ठी मी फाडली नाही. धैर्य नव्हतं आणि ठेवायचीही भीती. गणपतीची एक तसबीर चौकटीत बसवताना मागच्या पुठ्ठ्याआड ती सरकवली आणि खिळे मारून टाकले. गिऱ्हाईक घेऊन गेलं. कोण, ते आठवत नाही. कारापूर-सांखळीत कुणाच्या तरी भिंतीवर ती आजही आहे. दर चतुर्थीला त्या घरचे लोक माझ्या खोटेपणाला हात जोडत असतील.

हौसाला मी हे सांगितलेलं नाही. हे छापून आलं की तिची सून तिला वाचून दाखवील. दाखवू दे. तेव्हा लहान होतो, काळच तसा होता, असं काही मी लिहिणार नाही. पंचविशी म्हणजे लहान नव्हे, आणि काळाने माझा हात धरला नव्हता.

एक प्रसंग मात्र मी मागे ठेवला. गोष्ट सांगणाऱ्याची खोड म्हणा. की सांगायची हिंमत सगळ्यात शेवटी होईल म्हणून ठेवला, ते मलाही माहीत नाही.

ती गेली त्या दुपारची गोष्ट. रस्त्यावर बस थांबली होती. प्रकाश ट्रकवर, त्यामुळे पोचवायला कुणीच नाही. तिची पत्र्याची पेटी मी उचलून टपावर चढवली. सभ्य शेजारी ना मी! बघायला सातआठ जण उभे होते, त्यांतली निम्मी त्या ओसरीवर हसलेली. हौसा तोवर एकदाही रडली नव्हती. पायरीवर एक पाय ठेवून ती वळली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कंडक्टरने घंटी मारली तरी आत न जाता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली —

"भावजी, ह्या गावात खरं बोलनारं मानूस तुमी एकटंच हाय बगा!"